डोळेबांधी माय

करडी गावची देवकाबाई पहिल्या मोटारीनं शहरात उतरली, तेव्हा कचेरीचं फाटकही उघडलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर सालचा आषाढ. दोन दिवस पावसानं उघाड दिली होती. तिच्या ओच्यात नारळ, काजळाची डबी आणि तळहाताएवढा आरसा होता.

आज सुखरामचा निकाल. तलावाच्या पाण्यावरून मारामारी झाली, त्यात एक माणूस गेला. त्या गर्दीत काठी कोणाची लागली ते कोणालाच दिसलं नाही. नाव मात्र सगळ्यांनी सुखरामचं घेतलं. तिचा तो एकुलता एक.

कचेरी इंग्रजांच्या काळची, पण तोरा हजार वर्षांचा. साहेबाला म्हणे जुन्या राजांचा थाट पाहिजे होता. म्हणून खाली त्याच्या मुलखातल्या पुरातन देवळांसारखे जाडजूड गोल खांब, वर बादशाही घुमट आणि मध्ये महिरपी कमानी. पायऱ्या अशा उंच, की चढणाऱ्याची मान आपोआप खाली जावी. दर्शनी भागाच्या तिकोनी माथ्यावर विटा-चुन्याची एक बाई उभी. हातात तराजू, डोळ्यांवर पट्टी.

देवकाबाईचा सासरा धनीराम, ज्याला ती मामाजी म्हणे, त्यानं त्या खांबांचा दगड बेगारीत बैलबंडीनं ओढला होता. तो सांगायचा, "देवी बसवाच्या आंधी डोळे बांधतेत, पूजा झाली का सोडतेत. हे साहेब लोक पूजा न करताच बसले कचेरीत. पट्टी तशीच रायली. मंग न्याव कसा दिसंन तिले?"

आसपासच्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तारखेला आलेल्या बाया पायरीला कुंकू लावत, डोळेबांधी माय म्हणत. पण पट्टी सोडायला एवढ्या उंचावर जाणार कोण?

यंदा डागडुजीसाठी बांबू बांधले होते. नत्थू गवंडी खाली चुना कालवत होता.

"बापू, तिची पट्टी काढून दे."

नत्थू हसला. "सरकारनं बांधली, मी कोन सोडनारा? आन तिले दिसाले लागलं, तं पयले आमचा ठेकेदार दिसंन, माय!"

"मजाक नोको करू. माह्या पोराचा फैसला हाये आज."

नत्थूचं हसू मावळलं. पट्टीचा चुना फुगला होता, खरडून नवा द्यायचाच होता. तिनं ओच्यातून आरसा आणि डबी काढली. त्यानं हात पुढं केला. "आन इकडे."

"पयले आरसा दाखव. पयली नजर मानसानं झेलू नोको, जळून जाशीन. मंग काजळ."

तो बांबू चढून वर गेला. टाकीचे घाव ऐकू आले, चुन्याचे टवके पायरीवर पडले. देवकाबाई डोळे मिटून, हात जोडून उभी राहिली. मग घाव थांबले.

"उघडले का, बापू?"

वर बांबू करकरले.

"उघडले, माय. जा तू आतमंधी."

निकाल इंग्रजीत वाचला. वकिलानं तिच्याकडं न बघता एकच शब्द मराठीत सांगितला, जन्मठेप. पोलिसांनी नेताना सुखराम म्हणाला, "माय, धानाची रोवणी थांबवू नोको. परे पिवळे पडतीन."

एवढंच.

ती बाहेर आली. रडली नाही. नत्थू मान खाली घालून चुना कालवत होता.

"लबाड बोलला तू."

"काय सांगू, माय? डोळे केलेच नवते. पट्टीखाली नुसती वीट हाये."

अंगणाच्या टोकापर्यंत मागं सरकून तिनं वर पाहिलं. कपाळाखाली दोन लाल विटा. साठ-पासष्ट वर्षं बाया हात जोडत होत्या, त्या विटांना.

"मामाजी म्हणत, पट्टी सोडाची रायली..."

नत्थूनं आरसा आणि डबी परत दिली. डबीचं झाकण निघालंच नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आली, कडेवर लेकरू. पायरीशी वाकली आणि कुंकवाची पुडी सोडू लागली. देवकाबाई तिच्याकडं पाहत राहिली. मग नत्थूचं घमेलं तिनं स्वतः उचलून त्याच्या हातात दिलं.

"पट्टी बांधून दे तिची, बापू. पयल्यासारखी. लवकर कर, त्या बाईनं अजून वर पायलं नाही."