रंगाऱ्याचं वजन

रंगारी परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात आणि परत पलंगावर त्याला बायकोच न्यायची.

"माझ्यापेक्षा सिमेंटची गोणी परवडली," तो म्हणायचा. "ती निदान बडबडत नाही."

एका सकाळी त्याला उचलताना तिच्या कमरेत अशी कळ आली की ती गुडघ्यांवर बसली. तो अर्धा पलंगावर, अर्धा तिच्या खांद्यावर. खालच्या मजल्यावरची शेजारीण हाका ऐकून धावत आली, तेव्हा कुठे दोघांची सुटका झाली.

मग तिने तेल चोळलं, पट्टा बांधला. नणंद मदतीला आल्यावर आठवडाभर पडूनही राहिली. उठली तर कंबर आणखीच आखडलेली.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला उचलून दाखवायला सांगितलं. ती खुर्चीपाशी वाकली.

"इथंच चुकतंय. कमरेतून वाकता आणि भार उचललेला असताना कंबर पिळता. गुडघे वाकवा, माणूस अंगाशी धरा, वळायचं तर पावलं वळवा. पडून राहू नका, थोडं थोडं चाला. शेक घ्या. आणि एकटीने उचलणं कमी करा."

"कमी कसं करू? त्यांना संडासाला उद्या जा म्हणू?"

बाईंनी व्यायामाचा कागद तिच्या हातात दिला.

नणंद आपल्या घरी परतली. बायकोने बाईंचं सगळं बोलणं नवऱ्याला सांगितलं. ते उचलणं कमी करण्याचंसुद्धा, बोलण्याच्या ओघात.

त्यानंतर कंबर खरंच सुधारली. ती रोज व्यायाम करायची, गुडघे वाकवून त्याला उचलायची. त्याला संडासात न्यावंही कमी वेळा लागत होतं, पण तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. त्याच्या उशाशी खिडकीत ठेवलेला पाण्याचा तांब्या रिकामा व्हायचा, म्हणून ती निश्चिंत होती.

एका दुपारी तो तापाने फणफणला आणि भलतंच बरळू लागला. शेजारणीच्या मुलाने गाडी आणली. जिना उतरताना शेजारीण म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्या खिडकीतून रोज पाणी कोण ओततं?"

बायकोचा पाय पायरीवरच थबकला.

दवाखान्यात कळलं की पाणी पोटात न गेल्याने मूत्रपिंडं पार बिघडली आहेत. ताप उतरल्यावर तिने विचारलं, "असं का केलंत?"

"तुला कमी उचलायचं होतं ना."

"मला विचारायचं तरी."

"तू हो म्हणाली असतीस?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आणि मी वेडी, व्यायामाचा गुण आला म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते."

"आलाही असेल थोडा," तो म्हणाला.

त्याला घरी आणलं तेव्हा तो निम्मा झाला होता. डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. तिने गुडघे वाकवले, त्याला छातीशी धरलं आणि उचललं. जड गेलं नाही. ते जाणवलं आणि तिला रडू फुटलं.

"दुखतंय का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. खरंच दुखत नव्हतं.