ठिणगीला हाक

“ठिणगेऽऽ, जेवायला ये गं!”

आईची ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची, तिथं वळायची आणि थोरलीला हाताला धरून घरी आणायची. थोरली भारी तापट, म्हणून ठिणगी. मग एके दिवशी ती आपल्या पसंतीच्या माणसाबरोबर निघून गेली. तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं आईनं बजावलं आणि स्वतःही ते कधी काढलं नाही. थोरलीचा फोन आला की आई उठून बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची.

धाकटी आता व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत ड्रॅगनांची नावं पाडते. पाडते असंच म्हणायचं. नाव ठेवायला जरा माया लागते. ख, झ आणि थ एकत्र भरडले, वर रफार शिंपडला, की झालं. झ्रागोर्थ. खर्झूल. घशात माशी अडकलेल्या माणसानं खाकरावं तशी नावं. साहेब ती पडद्यावर बघून मान डोलावतात, पण त्यांना स्वतःला एकही उच्चारता येत नाही. बैठकीत ‘तो हिरवा’ आणि ‘तो जाडा’ यांवरच भागतं.

आई तर येता-जाता टोचायची. “पालीला पंख लावायचे आणि पगार घ्यायचा. बरं आहे बाई तुमचं.”

या वेळी शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या मादी ड्रॅगनला नाव हवं होतं. खेळातल्या वीरानं कड्यावर उभं राहून तिला नावानं बोलवायचं आणि ती आली की मारायचं. धाकटीनं दिलेलं प्रत्येक नाव आवाज देणाऱ्या नटाच्या तोंडात मोडत गेलं. साहेब वैतागले. ओरडता येईल असं काहीतरी द्या, आत्ताच्या आत्ता, म्हणाले. त्या तिरमिरीत तिनं ‘ठिणगी’ देऊन टाकलं. घरात नुसतं पडूनच तर होतं. साहेबांना एकदम पटलं. आगीशी जुळतंय म्हणाले, जणू त्यांनाच सुचलं होतं.

घरी येईपर्यंत तिला कसंनुसं व्हायला लागलं. बहिणीचं नाव आपण मारायला दिलं. एकदा ऐकावं आणि उद्या काहीही करून परत मागावं, असं तिनं ठरवलं. आई बाथरूममध्ये होती, नळ चालू होता. धाकटीनं नटाच्या हाकेचं रेकॉर्डिंग लावलं.

“ठिणगी! ठिणगी!” नट गरजला.

नळ बंद झाला.

आई ओल्या हातांनी दारात उभी होती. धाकटीनं घाईघाईनं आवाज बंद केला. कामाचं आहे, एका ड्रॅगनचं नाव आहे, उद्या बदलणार आहे, असं काहीबाही सांगत राहिली. आई त्यातलं काही ऐकत नव्हती.

“कशाला बोलावतोय हा तिला?”

“मारायला.”

“तरीच. भुंकल्यासारखं ओरडतोय मेला. याला पैसे देता तुम्ही?”

धाकटीनं लॅपटॉप मिटला.

“हाक लांबवायची असते,” आई म्हणाली. “येणारं माणूस लांब असतं.”

तिनं टॉवेलला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. मग म्हणाली, “लाव फोन.”

धाकटीनं लावला. पलीकडून थोरलीचं दमलेलं “हॅलो” आलं. आईनं फोन कानाला लावलाच नाही. खिडकीशी जाऊन तो तिनं हातभर लांब धरला आणि गल्लीच्या टोकाकडे तोंड केलं. आवाज पहिल्याच अक्षराला फाटला. तिनं घसा साफ केला.

“ठिणगेऽऽ,” ती म्हणाली, “जेवायला ये गं.”