पाठीवरची शिवण

"पुन्हा पाठच!" मी पान उलटलं, तर तिथेही पाठ. "अगं, ह्या पुस्तकात माझं तोंड आहे तरी का कुठे?"

दुकानातली मुलगी पुस्तकांवरची धूळ झटकत होती, ती दचकली. "ह्यात तुम्ही आहात, मावशी?"

"आहे म्हणे. हे काढणारी माझी धाकटी बहीण."

"कित्ती छान! आत्मचरित्र आहे ते, चित्रांतलं."

"आत्मचरित्र म्हणजे स्वतःचं ना? मग त्यात मला कशाला ओढायचं?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही. घरी कोटांची अस्तरं पडली होती आणि मी इथे ताटकळत उभी. पुस्तक एका हातात धरवेना इतकं जाड, अक्षरं मात्र मुंगीएवढी, बोलण्याच्या फुग्यांत कोंबलेली. किंमत बघून तर मी ते एकदा ठेवूनच दिलं होतं.

बरं, धाकटीने एक प्रत पाठवायला काय हरकत होती? तर नाही. फोनवर म्हणते, "फुकट दिलं तर तू त्यावर इस्त्री ठेवशील, ताई. विकत घे, म्हणजे वाचशील. वाचून बोलवावंसं वाटलं तर बोलव, येईन मी." आई गेल्यापासून तिने ह्या घरात पाऊल टाकलेलं नाही. चित्रं काढून पोट भरतं का, एवढंच मी विचारलं होतं. तेवढ्याने तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि बॅग उचलून ती निघून गेली. मी काय वावगं विचारलं? वडील नव्हते, आईचे डोळे अधू, अख्खं घर माझ्या शिलाई मशीनवर चालत होतं.

मशीन खिडकीशी, कारण उजेड तिथेच. म्हणजे माझी पाठ खोलीकडे. आणि ह्या बाईसाहेबांनी नेमकं तेवढंच काढून ठेवलेलं. ती जेवतेय, माझी पाठ. ती तापाने फणफणलीय, माझी पाठ. एका चित्रात ती शाळेतलं बक्षीस घेऊन दारात उभी आहे. "ताई, हे बघ ना!" पाठीतून फुगा निघतो, "हं, ठेव तिथे."

माझं डोकंच फिरलं. जगाला सांगते, बहिणीने कधी वळून पाहिलं नाही! मी वळून बसले असते तर गिऱ्हाइकांच्या बाह्या कोणी जोडल्या असत्या?

"नको मला हे." मी पुस्तक मिटून दुकानातल्या मुलीच्या हातात दिलं.

"लाल पान बघितलंत का पण? अख्ख्या पुस्तकात तेवढाच रंग आहे." तिने ते उघडून माझ्यापुढे धरलं.

पुन्हा पाठ. पण ह्या वेळी अंगात वडिलांचा जुना सदरा, थंडीत मी घालायचे तो, आणि त्याची मधली शिवण वीतभर उसवलेली, आतली कातडी दिसतेय. पुढच्या चित्रात मी आंघोळीला गेलेय. सदरा चिमुरड्या धाकटीच्या मांडीवर, सुईत लाल दोरा, टोचलेलं बोट तोंडात. मग मी पुन्हा मशीनवर, पाठीवर मधोमध लाल टाके. खाली लिहिलंय, "ताईला अजून माहीत नाही."

नव्हतंच माहीत. धुणं आईकडे, ती चाचपून धुवायची. आणि मी पहाटेच्या अंधारात सदरा अंगात अडकवायची. हिवाळेच्या हिवाळे काढले त्यात. लोकांच्या शिवणीला नावं ठेवत हिंडले, आणि स्वतःच्या पाठीवर हे असलं! एका मेल्याने सांगितलं नाही. आणि टाके तरी कसले, पोतं शिवावं तसले. कार्टीला साधा धावदोऱ्याचा टाका येत नव्हता. मी तिला कधी शिकवलाच नव्हता.

अक्षरं दिसेनाशी झाली तसा मी चष्मा पुसला.

"बांध हे," मी म्हटलं.

मुलीने पुस्तक कागदात गुंडाळलं. मी निघाले, पण दारापर्यंत जाऊन थांबले.

"माझ्या पाठीची शिवण बघ गं जरा. सरळ आहे ना?"

ती मागे येऊन निरखत राहिली. "सरळ आहे, मावशी. खाली एक दोरा तेवढा लोंबतोय. ओढू?"

"हात लावू नकोस, उसवेल." मी पुस्तक काखेत घट्ट धरलं. "राहू दे तसाच. रविवारी धाकटीला बोलावतेय. ती कापेल."