लेलँडने न कापलेला दोरा

मी एक जुनी जाळी आहे. मासे धरणारी किंवा डास अडवणारी नव्हे. माझ्यात जे येईल ते मी लगेच खाली सोडून देते. तेच माझे काम होते. मी बास्केटबॉलच्या कड्याला लटकणारी जाळी.

मित्रांनो, कारखान्यात मला पांढऱ्या नायलॉनच्या दोऱ्यातून विणले आणि थेट अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कॉलेजांच्या अंतिम सामन्याला पाठवले. आमच्याकडे एक रीत आहे. अजिंक्यपद मिळाले की जिंकलेल्या संघातला प्रत्येक खेळाडू शिडीवर चढतो आणि जाळीचा एकेक दोरा कापून घरी नेतो. शर्यत जिंकलेल्या घोड्याला हार घालतात. जाळीने चांगले काम केले की तिला कापतात. मी तक्रार करत नाही.

त्या संघात लेलँड बूकर होता. त्याने टाकलेला चेंडू कड्याला न लागता माझ्यातून जायचा आणि मी ‘सप्’ असा आवाज करायचे. माझ्या आयुष्यातले संगीत तेवढेच. शेवटच्या मिनिटाला त्याने उडी मारली आणि खाली येताना त्याचा गुडघा पिरगळला. सगळे शिडीवर चढत होते तेव्हा तो इस्पितळात होता. प्रशिक्षक म्हणाले, “लेलँडचा दोरा लेलँडच कापेल.” त्यांनी तो दोरा न कापता कड्यावरून अखंड सोडवला आणि मला गावातल्या ग्लेनाच्या खाणावळीत आणून दिले. केकच्या थंड कपाटाच्या वर एका खिळ्याला, त्याच एका दोऱ्यावर, मी लटकू लागले.

लेलँडचा गुडघा चालण्यापुरता बरा झाला. एनबीएतून, म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेतून, कोणी बोलावले नाही. तो गावातच फ्रीज दुरुस्त करू लागला.

माझ्यासमोरच्या टेबलावर रोज सकाळी वर्न आणि ओडेल बसत. वर्नचे डुकरांच्या खाद्याचे दुकान, ओडेल न्हावी. लेलँड एनबीएत किती वर्षं टिकला असता, हा त्यांचा रोजचा वाद: मीठदाणी म्हणजे लेलँड, मिरपुडीची डबी म्हणजे एनबीए.

“गुडघा नसता गेला तर दहा वर्षं खेळला असता,” वर्न मीठदाणी पुढे सरकवायचा.

“तीन. डावा हात कच्चा होता. विचार हवं तर.”

“कोणाला?”

“लेलँडला. तो काय तिथं बसलाय.”

“त्याला काय विचारायचं? तो काय तटस्थ आहे?”

लेलँड शेजारच्या टेबलावर मान खाली घालून अंडी खायचा. अंड्यांवर तो मीठ घेत नसे. मीठदाणी सदैव वादाच्या कामात असे.

अशी बरीच वर्षे गेली. मी पिवळी पडले, वर्नचे केस गेले, वाद मात्र तरुण राहिला. मग एका मार्चमध्ये कपाटाची मोटर बंद पडली आणि लेलँड शिडी घेऊन आला. मोटर कपाटाच्या माथ्यावर, माझ्या शेजारीच होती.

“ठोकाठोकी जरा हळू,” ओडेल म्हणाला. “महत्त्वाचं चाललंय.”

वर्नने टोपी काढली. “त्या दिवशी संपला रे तो पोरगा.”

“संपलाच. बिचारा गुणी होता.”

“वर्न,” लेलँड शिडीवरून म्हणाला, “मी जिवंत आहे.”

“तुझं नाही रे,” वर्न समजुतीने म्हणाला. “आम्ही लेलँडबद्दल बोलतोय.”

मोटर सुरू झाली होती, तरी लेलँड खाली उतरला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. इतकी वर्षे त्याने एकदाही वर बघितले नव्हते.

“ग्लेना, कात्री दे गं.”

ग्लेनाने कात्री दिली. तो आणखी एक पायरी चढला. त्याचा गुडघा कट्कन वाजला आणि त्याने डोळे मिटून शिडी धरली. मी त्याच दोऱ्यावर लटकले होते, त्यामुळे पुढे काय होणार ते मला ठाऊक होते. तरीही त्याचा तोल जाऊ नये एवढेच मला वाटले.

त्याने दोरा कापला. मी दुरुस्तीसाठी बाहेर काढून ठेवलेल्या चेरीच्या केकवर पडले.

लेलँडने तो दोरा खिशात ठेवला आणि सावकाश उतरला. “झालं एकदाचं,” तो म्हणाला आणि हत्यारे भरू लागला.

“डाव्या हातानं कापलं त्यानं,” ओडेल पुटपुटला.

“ओडेल,” ग्लेना म्हणाली, “कॉफी पी.”

दुसऱ्या दिवशी मीठदाणी टेबलावर होती, पण तिला कोणी सरकवले नाही.  वर्नने शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. “लेलँड, दुखतो का रे गुडघा?”

“थंडीत दुखतो.”

“पोरा, कधी बोलला नाहीस.”

“कोणी विचारलं नाही.”

 वर्नने मीठदाणी उचलली आणि लेलँडपुढे ठेवली. लेलँडने थोडे मीठ घेतले.

मी आता गल्ल्याखालच्या खणात असते. चेरीचा डाग गेलेला नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मी सांगायला हवे. पण माझे राहू द्या, मी खणात बरी आहे. कोणाचे काय होऊ शकले असते यावर वाद घालण्याआधी तो माणूस शेजारीच जेवत नाही ना, ते बघा. जेवत असला तर आधी त्याला मीठ द्या.