उपाशी वाकळ

फिनलंडला गेलेल्या वाकळेनं पहिल्याच आठवड्यात तिथलं मांजर खाल्लं, असं पत्र आलं, तेव्हा हौसाक्काला नवल वाटलं नाही. लाज वाटली. आपलं माणूस परक्याच्या घरी उपाशी पाठवल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं.

पत्र वाचून दाखवलं उज्ज्वलानं. उज्ज्वला म्हणजे हौसाक्काच्या भावाची मुलगी, गडहिंग्लजच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, आणि या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ तीच. जगभरच्या चाळीस बायकांनी एकेक गोधडी शिवायची, चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिला टपालानं धाडायची आणि तिची आपण घ्यायची, असा तो खेळ होता. गोधडीला त्या भागात वाकळ म्हणतात, आणि हौसाक्काच्या वाकळा चार गावांत नावाजलेल्या. उज्ज्वलानं न विचारताच तिचं नाव देऊन टाकलं. चिठ्ठीत ऐला नावाची बाई निघाली. फिनलंडच्या पार वरच्या टोकाला राहणारी, नवरा नसलेली, मांजर असलेली.

"काय लिवलंय? परत वाच."

"'प्रिय हौसा, तुमची वाकळ फार सुंदर आहे. रंग बघून डोळे निवले. मंगळवारी तिनं मांजर खाल्लं. ते म्हातारं होतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ती आणखी काय काय खाते, तेवढं कळवा.'"

"बिचारी," हौसाक्का म्हणाली. बिचारी ऐला की बिचारी वाकळ, हे उज्ज्वलानं विचारलं नाही.

वाकळेच्या बरोबर मध्यावर जो चौकोन असतो त्याला पोट म्हणतात. बाकीची वाकळ शिवून झाली की शेवटी पोट शिवायचं, आणि ते बंद करण्याआधी आत भाकरीचा एक घास ठेवायचा. कसलाही घास चालत नाही. शिवणाऱ्या बाईनं सकाळपासून तोंडात काही घालायचं नाही. भुकेनं जीव कासावीस झाला की ताट वाढून घ्यायचं, पहिला घास मोडायचा आणि तो वाकळेला द्यायचा. पोट भरलेल्या बाईच्या हातचा घास वाकळ घेत नाही. जी जन्मभर दुसऱ्याला ऊब देणार तिला एक घास देताना हात आखडू नये, असं हौसाक्काची सासू सांगायची.

हौसाक्कानं हे सगळं रीतसर केलं होतं. घोडं पेंड खाल्लं ते पोस्टाच्या खिडकीवर. कारकुनानं एक छापील कागद पुढं सरकवला. पार्सलात खाण्याची वस्तू नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली सहीला जागा होती.

"घासभर भाकरी हाय आत," हौसाक्का म्हणाली.

"मग जाणार न्हाई, मावशी."

"आत्ती, कर की सही," उज्ज्वला कुजबुजली. "कोण बघायला येतंय?"

हौसाक्का आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, आणि एकसष्टाव्या वर्षी सरकारी कागदावर सुरुवात करायची तिची तयारी नव्हती. ती तिथंच बाकावर बसली. वाकळेचं पोट उसवलं, घास बाहेर काढला, दहा टाक्यांत पोट पुन्हा बंद केलं आणि सही ठोकली. घास मुठीत राहिला. अन्न टाकायचं कसं, म्हणून तिनं तो घरी जाता जाता खाऊन टाकला.

त्या दिवसापासून तिला भूक लागली नव्हती. तीन महिने होत आले होते. सदा आत्ताच पानावरून उठल्यासारखं वाटायचं. ती ताटावर बसायची ती गुंडूला सोबत म्हणून. गुंडू कुराडे म्हणजे तिचा नवरा. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून तीस वर्षं खांबांवर चढून आता खाली उतरलेला, मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस.

ऐलाची गोधडी एप्रिलात आली. पांढरी आणि निळी, आत काहीतरी भुसभुशीत भरलेलं, वजनाला काहीच नाही. कानाशी धरली की दूरवर बर्फ तडकल्याचा आवाज यायचा. गुंडूला ती फार आवडली. बाहेर पत्रे तापलेले असताना तिच्याखाली घाम जिरायचा. रोज जेवण झालं की तो ती डोक्यापर्यंत ओढून दोन वाजता आडवा व्हायचा.

मग दुसरं पत्र आलं.

"'प्रिय हौसा, वाकळेनं दोन खुर्च्या, पायपुसणं आणि चूल खाल्ली. मी न्हाणीघरात राहायला गेले आहे, तिथं ऊब असते. एक विचारायचं होतं. रोज सकाळी साडेअकराला एक गृहस्थ वाकळेखाली येऊन झोपतात. मोठ्या मिशा आहेत, बंडी घालतात, घोरतात. जागे झाले की नमस्कार करतात. ते तुमचे का? वाकळ त्यांच्या पायांकडे बघत असते.'"

उज्ज्वलानं बोटांवर तास मोजले. "तिथले साडेअकरा म्हणजे इथले दोन," ती म्हणाली.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दोघी आत गेल्या. गुंडू झोपला होता. गोधडीखालचा त्याचा उंचवटा जिथं पावलांशी टोक काढायला हवा, तिथं सपाट झाला होता.

"अवो, उठा. पाय बगू."

गुंडूनं पाय बाहेर काढले. घोट्याच्या खाली काही नव्हतं. रक्त नव्हतं, जखम नव्हती. घोट्याशी कातडीची कड आत दुमडून धावदोऱ्यानं बारीक शिवलेली होती. टाका हौसाक्काचाच होता. तिनं तो कुठंही ओळखला असता.

"दुखतंय?"

"न्हाई. गार पडल्यात."

"काय?"

"पावलं. तिकडं बर्फ हाय अजून."

उज्ज्वलानं गोधडीचं टोक उचलून बघितलं. "मामा, तिकडं काय दिसतं?" तिनं विचारलं.

"बाई चांगली हाय," गुंडू म्हणाला. "कॉफी देती."

शेजारच्या घरात कुणीतरी शेंगदाणे भाजत होतं. तो वास आला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हौसाक्काच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती घाबरली.

त्याच दिवशी तिनं ऐलाला लिहायला सांगितलं: वाकळेचं पोट उसवा, आत भाकरी ठेवा, परत शिवा. उत्तर आलं ते आठवड्याच्या आत. ऐलानं भाकरी नव्हे, तिच्याकडचा काळा पाव ठेवून बघितला होता. वाकळेनं तो चार घड्या घालून बाहेर ठेवला. मग ऐला वाकळ परत पाठवायला पोस्टात गेली. तिथल्या कारकुनानं कागद पुढं केला: पार्सलात जिवंत काही नाही. "'मी खोटी सही करू शकले नाही,'" उज्ज्वलानं वाचलं. "'तुम्हाला हे पटेल, असं वाटतं.'"

हौसाक्काला पटलं, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. ऐलाला शिव्या द्यायची सोयसुद्धा राहिली नव्हती.

मग तिनं ती निळी-पांढरी गोधडी ट्रंकेत घालून कुलूप लावलं. तासाभरात गुंडूचे ओठ काळेनिळे पडले. तीन वाकळा, दोन घोंगडी आणि गरम विटा, कशानंच त्याला ऊब येईना. येणार कशी? गारठलेली पावलं इथं नव्हतीच. संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं.

त्यानंतर ती उपास करायला बसली. तीन दिवस पाण्यावर काढले. पोट सुस्तच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं ताट वाढून घेतलं, घास मोडला आणि ऐलाच्या गोधडीच्या मधोमध, निळ्या चौकोनावर दाबला. कापड पाण्यासारखं बाजूला झालं आणि तिचा हात मनगटापर्यंत थंडीत गेला. हात बाहेर काढला तेव्हा घास हातातच होता, ओला, चार घड्या घातलेला. वाकळेला सगळं कळत होतं.

तोवर गुंडू गुडघ्यांपर्यंत गेला होता. त्या रात्रीच्या जेवणात हौसाक्कानं अर्धी भाकरी खाल्ली आणि पिठल्याची कढई बोटानं निपटून घेतली. चटणी तोंडात असतानाच तिच्या लक्षात आलं. ती ताटावरून उठली आणि घरामागच्या परड्यात जाऊन उभी राहिली.

गुंडूच्या ते आधीच लक्षात आलं होतं. जन्म तारा जोडण्यात गेलेला माणूस तो.

"लायन एकच हाय," तो म्हणाला. "तुझी भूक तिकडं अडकलीया. मी जितका जातोय तितकी ती हिकडं येतीया."

"मग?"

"पुरती लागली की घास मोड. मग घेईल ती. पोट भरलं की सोडंल मला."

"आणि पुरती कवा लागंल?"

"कुणाला ठावं. कमरंला. न्हाईतर छातीला."

"असलं बोलू नगासा."

"बरं, न्हाई बोलत. वाढ."

गुंडू रोज दोन वाजता जाई आणि चारला उठे, दर वेळी थोडा आखूड होऊन. कड दर वेळी नीट शिवलेली असे. हौसाक्कानं त्याचे लेंगे दुमडून टाचले, मग टाचायलाही काही उरलं नाही. ती त्याला उचलून उंबऱ्याशी बसवायची, चहा पाजायची. चाळीस वर्षांत त्यांनी एकमेकांना काही फार बोलून दाखवलं नव्हतं. आता ती बोलायची. तुमच्याबिगर मी कशी ऱ्हाऊ, म्हणायची. तो मिशीला हात लावून रस्त्याकडं बघत बसायचा. रडता रडता तिला लसणीची चटणी आठवायची, वर कच्चं तेल घातलेली, आणि आवंढा गिळताना तिला स्वतःची इतकी किळस यायची की वाटायचं, आपलं तोंडच शिवून टाकावं.

गावात कुणी काही विचारलं नाही. शेजारीण एकदा म्हणाली, "भाऊजी बारीक झाल्यात." हौसाक्का म्हणाली, "व्हय."

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी जे पत्र आलं त्याची शाई ओली होती. तारीख त्याच दिवसाची होती. उज्ज्वला ते दारातच वाचू लागली. "'प्रिय हौसा, आज ते इथं गळ्यापर्यंत आहेत. वाकळ शांत पडून आहे. खोलीत आता खायला दुसरं काही नाही. तुम्ही लवकर काहीतरी करा. मला ते आवडतात.'"

हौसाक्का स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली. ज्वारीची भाकरी, चुलीवरून आत्ता उतरवलेली. उशीवर गुंडूचं डोकं होतं आणि खाली गोधडी थेट गादीला टेकली होती. तो जागा होता. दोन वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"लागली?" त्यानं विचारलं.

"लागलीया. लई लागलीया."

"पुरती?"

व्हय म्हणायचं होतं हौसाक्काला. एका शब्दात हा माणूस, जेवढा उरला होता तेवढा, इथं राहिला असता. पण खोटा घास परत येणार हे तिला माहीत होतं. आणि खोटं बोलायची जिभेला सवयच नव्हती.

"आत्ती, हो म्हण!" उज्ज्वला ओरडली.

"न्हाई," हौसाक्का म्हणाली. "पुरती न्हाई. वाईच बाकी हाय."

"मग आलोच," गुंडू म्हणाला. मिशा हलल्या, हसला असावा. "गोधडी वर घे जरा. मला हात न्हाईत."

तिनं ती त्याच्या डोक्यावरून ओढली. कापड हवा गेल्यासारखं हळूहळू खाली बसलं, आणि पलंग सपाट झाला.

मग भूक आली. टाचांपासून आली, हाडांतून वर चढली. हौसाक्का पलंगाशी गुडघ्यांवर बसली. भाकरीचा वास डोळ्यांत गेला आणि ताटावर टपटप पाणी पडलं. तिनं घास मोडला. तो तोंडाकडं निघाला होता. तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात धरला, वळवला आणि निळ्या चौकोनात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"काय लागतंय हाताला?" उज्ज्वलानं विचारलं. "मामा आहेत का?"

हौसाक्का गाल गोधडीवर टेकून चाचपत होती. तिथं एक तोंड होतं. वरच्या ओठावर मिशा होत्या, राठ, ओळखीच्या. ओठांची कड आत दुमडलेली होती आणि तिच्यावर धावदोऱ्याचे बारीक टाके होते.

"घेतला," ती म्हणाली.

घास गेला, पण ओठांनी तिची बोटं सोडली नाहीत; त्यांना आणखी हवं होतं. तिची स्वतःची भूकही तसूभर हलली नव्हती. हौसाक्कानं डाव्या हातानं ताट जवळ ओढलं आणि दुसरा घास मोडला.