सायीच्या रंगाची खोली

धाकटी चहा टाकायला आत गेली, तशी शेडताईनं पर्समधून शेडकार्ड काढलं आणि बहिणीच्या हॉलच्या भिंतीला चिकटवून धरलं. चोरी करताना लागावे तसे कान स्वयंपाकघराकडं लागले होते. एक पट्टी लावून पाहिली, दुसरी पाहिली, मग कार्ड मिटून टाकलं. भिंत पांढरी होती. चिमूटभर करडा घातलेला, दुकानात सगळ्यात जास्त खपणारा साधा पांढरा.

आणि ह्याच भिंतींना आई वर्षभर इथल्या प्रत्येक फेरीनंतर सायीच्या रंगाच्या म्हणत आली होती.

रंगाच्या दुकानात मशीनवर शेड जुळवून देण्यात शेडताईची हयात गेली होती. रंगारी तिला ह्याच नावानं ओळखत. खरं नाव कुणी विचारलंही नव्हतं. गिऱ्हाईक सोफ्याचा धागा घेऊन आलं तरी ती त्याच्याशी जुळणारा डबा तयार करून द्यायची. कुठल्या खोलीला काय शोभेल ते तिला तोंडपाठ होतं. अंधाऱ्या खोलीला ऊबदार रंग, लहान खोलीला थंड आणि फिका. एका खोलीत तीनच रंग: एक राजा, एक प्रधान, आणि तिसरा मिठाएवढा. तिच्या घरातली आईची खोली काडेपेटीएवढी, म्हणून तिनं ती फिक्या निळ्या रंगाची करून घेतली होती. भिंती खरंच मागं सरकल्यासारख्या वाटल्या. शेजारणी मुद्दाम बघून गेल्या. आई मात्र म्हणाली, "बरी आहे. जरा मळकट वाटते, एवढंच."

तो शब्द शेडताईला भातातल्या खड्यासारखा अजून दाताखाली यायचा.

धाकटीला ह्यातलं काही येत नव्हतं. बाजारात दिसली म्हणून तिनं एक हळदी रंगाची खुर्ची आणली, हॉलच्या कोपऱ्यात टेकवली, आणि खुर्ची तिथंच जन्मल्यासारखी दिसू लागली. लहानपणीही हेच. दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातून शिवले जायचे आणि लोक म्हणायचे, धाकटीला काय खुलतो हा रंग. कापड तेच, रंग तोच. मग खुलायचं काय, हे कोडं शेडताईला रंगांच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही सुटलं नव्हतं.

त्यात आईचे मोतीबिंदू पिकले. डोळ्यांचा दवाखाना धाकटीच्या घराजवळ, म्हणून आई तिच्याकडं राहायला गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन त्या दिवशी सकाळीच झालं होतं. आतल्या खोलीत ती डोळ्यावर पट्टी बांधून झोपली होती.

धाकटीनं चहा आणून ठेवला आणि सरळ विषयालाच हात घातला. दुसरा डोळा महिन्याभरानं करायचा होता. नंतरही आईला इथंच राहू द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. ताई दिवसभर दुकानात, आई घरात एकटी, हे काही बरं नव्हे.

"आणि तिला इथं आवडतं गं."

"ती म्हणाली तसं?"

"तसं नाही म्हणाली. पण सारखं चालू असतं ना तिचं, भिंती कशा सायीसारख्या, बघून बरं वाटतं."

शेडताईनं कप खाली ठेवला. चहा अर्धा राहिला होता. "रविवारी तिला घरी आण. खोली बघू दे. मग तिचं तिला ठरवू दे."

परतताना ती वाटभर हिशेब मांडत होती. भिंत पांढरी, पण दिसते सायीची. म्हणजे ही उजेडाची करामत. धाकटीनं पिवळे दिवे लावलेत, खिडकीला मातकट पडदा आहे. उजेड त्यातून गाळून येतो आणि भिंतीवर साय धरते. तेही न कळता जमलेलं. शेडताईला आणखीच झोंबलं. भिंत आणि उजेड, एवढी दोनच माणसं तिच्या हिशेबात होती. बघणाऱ्याला त्यात कधी धरावंच लागलं नव्हतं. गिऱ्हाइकं बदलायची, शेड तीच राहायची.

दुसऱ्या दिवशी ती घरून वाटीभर साय घेऊनच दुकानात गेली. वाटी मशीनशेजारी ठेवून तिनं पांढऱ्यात गेरू आणि पिवळ्याचे थेंब सोडायला सुरुवात केली. मालक बघत उभे राहिले.

"ताई, आता म्हशीपण गिऱ्हाईक झाल्या का आपल्या?"

ती हसली नाही. डबा साताठ वेळा बिघडला. शेवटी बोटानं कार्डावर ओढलेला रंग आणि वाटीतली साय शेजारी शेजारी धरली, तेव्हा कुठली कुठं संपते ते तिलाही सांगता येईना.

रजा टाकून, एका रंगाऱ्याला हाताशी धरून तिनं निळ्यावर सायीचे हात चढवले. लोखंडी कपाट दोघांना हलेना. रंगारी म्हणाला, कपाट रिकामं करावं लागेल. एरवी कपाटामागची भिंत तशीच सोडणाऱ्या कामचुकारांना ती दुकानात उभं करून झापायची. आज घाई होती. ती म्हणाली, राहू दे, मागं कोण बघतंय. मग खिडकीला मातकट पडदा लावला, पिवळा दिवा बसवला, आणि एक हळदी उशी आणून आईच्या खुर्चीत ठेवली. मिठाएवढी.

रविवारी आई काळा चष्मा लावून आली. उंबऱ्यातच थांबली, चष्मा कपाळावर चढवला आणि खोलीकडं बघत राहिली. मग तळहातानं एक डोळा झाकला, थोड्या वेळानं दुसरा. पोरं खेळतात तसं तिचं चाललं होतं.

"ह्या जुन्या डोळ्यानं हळद कालवल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "आणि ह्या नव्यानं साय. अगदी साय गं."

शेडताईनं धाकटीकडं पाहिलं. मुद्दामच पाहिलं.

"पण निळा कुठं गेला?" आईनं विचारलं.

मग तिनंच सांगायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदूतून बघणं म्हणजे पिवळ्या काचेतून बघणं. पांढरं सायीसारखं दिसतं, निळा मळतो. आता निळा बघा आजी, चकित व्हाल, असंही म्हणाले होते. "म्हटलं, बघायचा तर आधी माझ्या खोलीचा. एवढ्या हौसेनं केला होतास तू आणि मी मळकट म्हणून बसले."

"पट्टी निघाल्यापासून हेच ऐकतेय मी," धाकटी म्हणाली. "ताईचा निळा, ताईचा निळा. माझ्या भिंतींना दवाखाना म्हणाली."

ती हसून म्हणाली, पण त्या हसण्याखाली काहीतरी कडू होतं. शेडताईनं ते लगेच ओळखलं. आजवर तिला वाटायचं, ते फक्त आपल्याच घशात असतं.

"कपाटामागं असेल थोडा," ती हळूच म्हणाली.

दोघी बहिणींनी कपाट रिकामं केलं, पाठी लावून ढकललं. लादीवर ते करकरत सरकत खोलीच्या मधोमध आलं. सायीच्या भिंतीत कपाटाच्या उंचीचा निळा उघडा पडला. कडा वेड्यावाकड्या, कोपऱ्यात जाळी, वर ब्रशाचे ओघळ. आईनं खुर्ची ओढली, उशी बाजूला काढून ठेवली, आणि जुना डोळा झाकून समोर बसली.

"हे होतं होय इथं," ती म्हणाली.

बराच वेळ बघून झाल्यावर ती मागं वळली आणि हात तसाच डोळ्यावर ठेवून थोरलीकडं बघू लागली. "केसांना रंग लागलाय बघ तुझ्या. पांढरा."

शेडताईनं केसांना हात लावला नाही. रंग आदल्या दिवशीच अंघोळीत निघून गेला होता.

संध्याकाळी आई धाकटीबरोबर गेली. डोळ्यांत थेंब घालायला दिवसा कुणीतरी हवं, दुसरा डोळा झाला की बघू, असं म्हणाली. नक्की येते असं म्हणाली नाही. दारातून एवढंच म्हणाली, "तोवर त्या निळ्यावर हात फिरवू नकोस हं."

तो निळा पुन्हा जुळवणं शेडताईच्या हातचा मळ होता. पूर्ण भिंत दोन दिवसांत पहिल्यासारखी झाली असती. ती अंग चोरून कपाटाच्या बाजूनं आत गेली आणि आईच्या खुर्चीत बसली. तिनं एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर.

दोन्ही डोळ्यांना तो सारखाच निळा दिसला.