घरचं माणूस

सुट्टी लागायच्या आधीच मामाने आमच्या घरी येऊन माझं भविष्य जाहीर करून टाकलं. "सुट्टीत हिला कामावर कोण घेणार? चष्मा काढला तर हिला दार दिसत नाही. येईल मुकाट्याने माझ्याच दुकानात." आणि हसला. मामाला स्वतःच्या विनोदावर हसायला दुसरं कुणी लागत नाही.

मामाचं सोफ्यांचं दुकान आहे. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, वडील गेल्यापासून तिथे काम करते. गिऱ्हाइकांना तो ऐटीत सांगतो, "ही आमची ताई. नोकर नाही हं, घरचं माणूस." घरचं माणूस म्हणून तिला सुट्टी नाही, आणि घरचं माणूस म्हणून बसायची सोयही नाही. सोफे विकायचे आहेत, बसून बसून दबतात म्हणे. चारी बाजूंना सोफे आणि मधे आई दिवसभर उभी. संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडते आणि वर मलाच सांगते, "अगं, पण वेळेला हात दिला त्याने." हे ऐकलं की माझं टाळकं सटकतं. त्या दुकानात एकदा उभी राहिले की मीही अशीच उभी राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून काहीही झालं तरी नोकरी हवी होती.

शोधायला निघाले तर जिथे तिथे मामाच बसलेले. आइस्क्रीमवाल्याने अनुभव विचारला. गोळा काढून कोनात ठेवायला कसला डोंबलाचा अनुभव? शिकवणीच्या बाईंना "सेवाभावी" मुलगी हवी होती, म्हणजे फुकट. पुस्तकांच्या दुकानदाराने मान वर न करता परवा यायला सांगितलं. परवा गेले, तर पुन्हा मान वर न करता तेच.

शेवटी चष्म्याच्या दुकानाचा मालक भेटला. माझ्या जाडजूड भिंगांकडे पाहून तो हरखलाच. "वा! गिऱ्हाइकाचं दुःख तुला आतून कळणार!" नोकरी दिली, आणि पहिल्याच सकाळी माझा चष्मा काढून ठेवायला लावला. त्याचा नियम होता, काउंटरवरच्या माणसाने दुकानातली नवी फ्रेम घालायची, रोज वेगळी. नव्या फ्रेममध्ये असते साधी, बिननंबरची काच. म्हणजे ज्या चष्म्यासाठी मला कामावर घेतलं, तोच काढून ठेवायचा. एवढी अक्कल असलेला माणूस लोकांचे डोळे तपासतो.

माझं मात्र झकास चाललं होतं. सगळं धुक्यात. फ्रेमा हाताने ओळखायचे, माणसं आवाजाने. चेहरे सगळे सारखेच दिसत असल्यामुळे "तुम्हाला हाच शोभतो" हे मी अगदी मनापासून सांगायचे. लोक खूश, मालक खूश. गिऱ्हाइकांच्या अकलेबद्दल मी काय बोलणार?

एका दुपारी दोन ठिपके आत आले. एक रुंद ठिपका न बोलता थेट भिंतीवरच्या फ्रेमांकडे गेला. दुसरा, बाईचा, दाराजवळच थांबला. तिच्या शेजारीच खुर्ची होती, तरी बसेना.

"काकू, बसा ना," मी म्हटलं.

"नको गं. उभं राहायची सवय आहे मला."

माझ्या हातातली फ्रेम काउंटरवर पडली. आवाज आईचा होता.

भिंतीजवळचा ठिपका खो खो हसला. "पाहिलंस ताई? सख्ख्या आईला काकू म्हणते! म्हटलं, बघावं तरी ही काय दिवे लावतेय. काय हो मालक, आंधळी ठेवलीत काउंटरवर?"

मालक आतून धावत आला. मी दुकानाची फ्रेम उतरवली आणि खिशातून माझा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"ए, फ्रेम! दुकानाची फ्रेम घाल!" मालक ओरडला.

"थांबा जरा," मी म्हटलं. नोकरी गेली तर गेली.

आई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती. चपलेचा पट्टा सुजेत रुतला होता. रोज घरी दिसणारे पाय, आणि मी आजवर नीट पाहिलेच नव्हते. मी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला खुर्चीत बसवलं. ती अवघडून अगदी कडेला टेकली.

"हिला काय बसवतेस? घरचं माणूस आहे," मामा म्हणाला.

"इथे गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "इथे गिऱ्हाईक बसतं. हो ना मालक?"

मालकाने मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. गिऱ्हाईक म्हटल्यावर त्याचा नाइलाज झाला. "बसा, बसा बाई," तो पुटपुटला.

मामा आता घड्याळ बघायला लागला. बसावंसं त्यालाही वाटत असणार, पण खुर्ची एकच होती आणि ती मी त्याला देणार नव्हतेच. "ताई, चल. दुकान परत उघडायचंय."

आई हळूहळू मागे सरकली. पाठ टेकली. दोन्ही पाय लांब केले.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी बसलेय."